स्टेक मुरवायचा तर आधी मीठ, शेवटी आंबट

मांसाला काही लावून ठेवणं मराठी घराला नवीन नाही. मटण आणलं की हळद, मीठ, आलं-लसूण चोळून झाकून ठेवायचं आणि मग वाटणाकडे वळायचं, हा क्रम सांगावा लागत नाही. अडचण तिथूनच सुरू होते. नोकरीनिमित्त बंगळुरूला आलेला मराठी माणूस कॅन्टोन्मेंट भागात कुठेतरी चांगला स्टेक खातो, घरी करून बघावा असं त्याच्या मनात येतं, आणि तो मटणाचीच रीत स्टेकला लावतो. भरपूर आलं-लसूण, वाटीभर दही, वरून दोन लिंबं, शिवाय रात्रभर मुक्काम. दुसऱ्या दिवशी मांसाचा वरचा थर पिठूळ झालेला असतो. तव्यावर टाकलं की वाटण करपतं, पाणी सुटतं, मांस भाजायच्या ऐवजी उकडतं, आणि आतून ते होतं तितकंच चिवट राहतं.

रश्श्यातलं मटण तासभर शिजतं. त्याला लावलेलं सगळं रश्श्यात उतरतं आणि मटण मऊ होतं ते त्या तासाभरामुळे. स्टेक तव्यावर जेमतेम आठ-दहा मिनिटं असतो. तेवढ्यात वाटणाचा कच्चेपणाही जात नाही. म्हणून स्टेकच्या मॅरिनेडमध्ये जिन्नस कमी हवेत, ते पातळ हवं, आणि त्यातला प्रत्येक जिन्नस कधी लावायचा याला महत्त्व हवं. मीठ सर्वांत आधी आणि भरपूर वेळ. आंबट सर्वांत शेवटी आणि थोडाच वेळ. बाकी तपशील आहेत, पण तेही या शहरात जरा वेगळे आहेत, म्हणून दुकानापासून सुरुवात करू.

दुकानात काय मागायचं

बंगळुरूला स्टेक आला तो 1809 मध्ये इथे वसलेल्या ब्रिटिश कॅन्टोन्मेंटबरोबर, आणि ती आवड शहराने सोडली नाही. म्युझियम रोडवरचं ‘द ओन्ली प्लेस’ कित्येक दशकं स्टेकसाठीच ओळखलं जातं. मराठी माणसांचा इथल्या मांसाहाराशी संबंध वेगळ्या वाटेने आहे. शहाजीराजांच्या जहागिरीपासून मराठे इथे राहिले, आणि जयनगरच्या ‘शिवाजी मिलिटरी हॉटेल’सारख्या मांसाहारी खाणावळीत द्रोणात मिळणाऱ्या बिर्याणीत ती वाट अजून दिसते. पण मिलिटरी हॉटेलची चूल आणि स्टेकचा तवा यांचं शास्त्र एक नाही.

आज या शहरात ‘बीफ’ म्हणून कायदेशीर मिळतं ते म्हशीचं किंवा रेड्याचं मांस. राज्याच्या 1964 च्या कायद्यात बारा वर्षांवरच्या बैलांच्या आणि म्हशींच्या कत्तलीला परवानगीने मुभा होती. 2021 पासून लागू असलेल्या कर्नाटकच्या नव्या कायद्याने गाय, वासरू, बैल यांच्या कत्तलीवर पूर्ण बंदी आणली, आणि म्हैस किंवा रेडा तेरा वर्षांहून मोठा असेल तरच, तेही प्रमाणपत्र घेऊन, परवानगी ठेवली. (महाराष्ट्रात 2015 पासून बैलांवरही बंदी आहे, म्हशीला तिथे प्रमाणपत्राने मुभा आहे.) तेव्हा परवाना असलेल्या, नेहमीच्या दुकानातूनच घ्या. घरात हे मांस चालत नसेल तर मटण, चिकन किंवा पोर्क घ्या. त्यांचं गणित पुढे दिलं आहे.

या कायद्याचा स्वयंपाकघरावर एक थेट परिणाम होतो, आणि त्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. स्टेकच्या इंग्रजी पाककृती दीड-दोन वर्षांच्या, दाणा खाऊन अंगात चरबी धरलेल्या जनावरासाठी लिहिलेल्या असतात. आपल्या हातात येतं ते तेरा वर्षांच्या वरचं, कमी चरबीचं, गडद लाल मांस. जनावराचं वय वाढतं तसे स्नायूंमधले जोडधागे पक्के होत जातात. ते विरघळतात फक्त ओलसर उष्णतेत, मंद आचेवर, तासन् तास. कोणतंही मॅरिनेड ते काम करू शकत नाही, मग त्यात काहीही घाला.

यातून सुटका एकच: ज्या स्नायूने आयुष्यभर फारसं काम केलेलं नाही तो घ्यायचा. पाठीच्या कण्याच्या आतल्या बाजूने जाणारी लांबट पट्टी ती. इथे सगळे खाटीक तिला अंडरकट म्हणतात. शिवाजीनगरला रसेल मार्केटच्या परिसरात, किंवा तुमच्या भागातल्या दुकानात, दखनीत मागा: “अंडरकट होना, स्टेक के वास्ते.” आणि लगेच पुढचं वाक्य जोडा की कापू नको, अख्खा तुकडा दे. खाटकाचा हात रश्श्याच्या तुकड्यांना सरावलेला असतो. तुम्ही पैसे काढेपर्यंत त्याचे चौकोनी तुकडे झालेले असतात, आणि मग स्टेकचा विषय संपतो. अंडरकट लवकर संपतो, तेव्हा सकाळी जा किंवा आदल्या दिवशी सांगून ठेवा.

अंडरकट मिळाला नाही तर काही जण टॉप साइड, म्हणजे मागच्या मांडीचं मांस, घेऊन त्याला जास्त वेळ मुरवतात. ते करू नये. टॉप साइडचे आडवे, अर्धा सेंटिमीटर जाडीचे काप काढून, बत्त्याने ठेचून, मिनिटभर तव्यावर परतलेत तर खाण्याजोगं काहीतरी होईल. त्याचा जाड स्टेक होणार नाही. त्या दिवशी स्ट्यू करा आणि स्टेकचा बेत पुढच्या आठवड्यावर टाका.

दोन दिवस वाट पाहा

ताजं मटण हा आपल्याकडे अभिमानाचा विषय. सकाळी कापलेलं, दुपारी ताटात. रश्श्याला ते चालतं. स्टेकला अजिबात चालत नाही.

जनावर मारल्यानंतर काही तासांतच त्याचे स्नायू आखडून कडक होतात. हा ताठरपणा उतरायला वेळ लागतो, आणि तो उतरल्यावर मांसातले स्वतःचेच पाचक घटक धागे हळूहळू सैल करत जातात. परदेशात स्टेकचं मांस म्हणूनच दोन-तीन आठवडे थंडगार खोलीत ठेवतात. आपल्याला तेवढं करता येत नाही आणि घरच्या फ्रिजमध्ये ते करूही नये. पण दोन दिवस ठेवता येतं, आणि त्या दोन दिवसांचा फरक सगळ्या मसाल्यांहून मोठा आहे. रविवारी जेवायचं असेल तर मांस शुक्रवारी आणा.

घरी आणल्यावर धुण्याचा मोह आवरा. पाण्याने जंतू जात नाहीत, उलट सिंकभर उडतात, आणि ओलं मांस नीट भाजत नाही. कागदी रुमालाने कोरडं टिपून घ्या. दुकानातली धूळ लागली आहे असं वाटत असेल आणि धुतल्याशिवाय समाधान होत नसेल, तर झटकन धुवा आणि चांगलं कोरडं करा. मग ताटलीत ठेवून, वर सैल कापड टाकून, फ्रिजच्या सर्वांत खालच्या आणि थंड कप्प्यात ठेवा, म्हणजे रस गळला तरी भाजीवर पडणार नाही. फ्रिज चार अंशांच्या आसपास हवा.

शनिवारी संध्याकाळी ते बाहेर काढा. मांसावर एका बाजूने चकाकणारी, पांढरट, चिवट पडदी असते. अरुंद धारदार सुरी तिच्याखाली सरकवून, धार किंचित वरच्या दिशेला ठेवून, ती पट्ट्यापट्ट्यांनी सोलून काढा. हे काम कंटाळवाणं आहे पण टाळू नका, कारण ही पडदी शिजत नाही, आकसते, आणि तव्यावर स्टेकची वाटी करून टाकते. आता धाग्यांना आडवे, साधारण अडीच सेंटिमीटर जाडीचे तुकडे कापा. याहून पातळ असेल तर बाहेरून रंग येईपर्यंत आतून वाळून जातं.

मीठ

मॅरिनेडमधलं जवळजवळ सगळं मांसाच्या पृष्ठभागावरच राहतं. लसूण, मिरी, तेल हे काही मिलिमीटरपलीकडे जात नाहीत, रात्रभर ठेवा की दोन रात्री. खोलवर जातं ते मीठ. सुरुवातीला ते मांसातलं पाणी बाहेर ओढतं आणि वर दव आल्यासारखं दिसतं. मग ते पाणी मीठ घेऊन पुन्हा आत शिरतं. मिठामुळे धाग्यांची रचना सैलावते आणि भाजताना मांस आपलं पाणी जास्त धरून ठेवतं. म्हशीच्या मांसात चरबी कमी, त्यामुळे त्याच्या रसाळपणाची सगळी भिस्त या पाण्यावर असते. मऊपणासाठी तुम्ही घरात जे काही करू शकता त्यात दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर मिठाचाच नंबर लागतो.

प्रमाण मांसाच्या वजनाच्या एक टक्का. अर्धा किलोला पाच ग्रॅम, म्हणजे बारीक मिठाचा सपाट छोटा चमचा, किंचित कमीच. पण आपण उद्या सोया सॉस घालणार आहोत, आणि एका मोठ्या चमच्यात अडीच ग्रॅमच्या आसपास मीठ असतं. म्हणून आज अर्धा छोटा चमचाच. ते दोन्ही बाजूंना आणि कडांनाही सारखं चोळा, आणि तुकडे जाळीवर किंवा ताटलीत, न झाकता, फ्रिजमध्ये रात्रभर राहू द्या. सकाळपर्यंत वरचा भाग जरा सुकलेला, गडद दिसेल. ते बिघडणं नव्हे, तसंच व्हायला हवं.

रात्रभर सवड नसेल तर किमान पाऊण तास द्या. दहा-पंधरा मिनिटं हा सर्वांत वाईट काळ: पाणी बाहेर आलेलं असतं आणि आत परतलेलं नसतं. तेवढाच वेळ असेल तर सरळ तव्यावर टाकताना मीठ लावा.

आंबट, आणि त्याचं भय

आंबट पदार्थ मांसाचं प्रथिन वरच्या वर शिजवल्यासारखं घट्ट करतो. लिंबू पिळलेलं मांस पांढुरकं पडतं ते यामुळे. थोडा वेळ ठेवलं तर पृष्ठभाग जरा सैल होतो, चव चढते. जास्त वेळ ठेवलं तर तो भुसभुशीत होतो आणि पाणी सोडतो, आतला भाग मात्र जसाच्या तसा. म्हणून लिंबू किंवा सिरका असेल तर दोन तास पुरेत.

घरी लिंबू असतंच, पण बंगळुरूत राहून फक्त लिंबावर थांबू नये. कोडगूची कचंपुळी इथे सहज मिळते. कोडवा लोकांच्या पंदी करीला, म्हणजे डुकराच्या मांसाच्या कालवणाला, तिच्याशिवाय पूर्णता नाही. आपल्या कोकमाच्या भाऊबंदांतलंच ते फळ. त्याचा रस आटवून काळा, दाट करतात. आंबटपणा जबरदस्त आणि त्याच्या मागे धुरकट, जरा फळासारखा वास. स्टेकला ती लिंबापेक्षा शोभते असं माझं ठाम मत आहे, कारण लिंबाचा ताजा वास उष्ण तव्यावर उडून जातो आणि कचंपुळी टिकते. पण हात आखडता ठेवा. अर्ध्या किलोला अर्धा छोटा चमचा. त्याहून जास्त झाली की दुसरी कुठली चव उरतच नाही. कोकणातून आणलेलं आगळ घरात असेल तर तेही चालेल, फक्त त्यात मीठ असतं हे लक्षात घेऊन बाकीचं मीठ कमी करा. गोव्याच्या माडीचा सिरकाही उत्तम. विंदालूची सुरुवातच पोर्तुगीजांच्या वाइन-लसणात मुरवलेल्या मांसापासून झाली आणि गोव्यात वाइनची जागा या सिरक्याने घेतली.

दही हे सौम्य आंबट, म्हणून त्याला जास्त वेळ देता येतो. पण पाकिटातलं दही पातळ असतं. ते फडक्यात तासभर टांगून पाणी काढल्याशिवाय वापरलंत तर तव्यावर फक्त चरचरणारं पांढरं पाणी दिसेल. शिवाय दह्याचा थर करपतो. माझ्या लेखी दही मटणाच्या रानाला, अंडरकटला नाही.

कच्च्या पपईबद्दल सांगायलाच हवं, कारण मांस चिवट म्हटलं की मराठी घरात पहिला हात तिच्याकडे जातो. तिच्यातलं पपेन प्रथिनं तोडतं, हे खरं. पण ते जाडजूड जोडधागे सोडून आधी मऊ मांसच तोडतं, आणि फ्रिजमध्ये निवांत असलेलं हे द्रव्य तव्यावर मांस साठ-सत्तर अंशांना पोचताना सर्वांत जोरात कामाला लागतं. खिम्याच्या कबाबाला ते ठीक. स्टेकला हवी असते दाताखाली थोडी पकड. पपईने मांसाचा लगदा होतो. टॉप साइडच्या पातळ कापांना छोटा चमचाभर वाटलेली कच्ची पपई अर्धा तास लावायला हरकत नाही. अंडरकटला पपई लावणं म्हणजे चांगल्या मांसाचा अपमान. ताज्या अननसालाही हेच लागू.

प्रत्यक्ष मॅरिनेड

काल मीठ लावलेल्या अर्धा किलो मांसासाठी, खाण्याच्या अडीच तास आधी:

सोया सॉस, 1 मोठा चमचा
तेल, 2 मोठे चमचे
कचंपुळी अर्धा छोटा चमचा, किंवा लिंबाचा रस 2 छोटे चमचे
लसूण, 4-5 पाकळ्या, ठेचून
काळी मिरी, 1 छोटा चमचा, भरड कुटलेली
गूळ किंवा साखर, अर्धा छोटा चमचा

सोया सॉस इथे चिनी चवीसाठी नाही. त्याने मांसाची मांसाळ चव गहिरी होते, आणि एवढ्या प्रमाणात तो वेगळा ओळखूही येत नाही. तेल आत शिरत नाही, पण लसूण-मिरीचा वास तेलात उतरतो आणि ते तो सगळीकडे सारखा पसरवतं. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं घ्या. ऑलिव्ह तेलाचं एवढ्या तापलेल्या तव्यावर काही राहत नाही. गुळाचं काम रंगाचं. त्याचं प्रमाण वाढवलं तर रंगाच्या जागी कोळसा मिळतो. मिरी कोडगूची किंवा मलनाडची मिळाली तर घ्या आणि घरी कुटा. बारीक पूड करपून कडू लागते. आलं मी घालत नाही, कारण त्यातही मांस विरघळवणारं द्रव्य आहे आणि चवीला ते लगेच मटणाच्या बाजूला झुकतं. गरम मसाला, धणे-जिरे, हळद यांना आज सुट्टी. तिखट हवंच असेल तर पाव चमचा ब्याडगी मिरचीची पूड, रंगापुरती.

आधी गूळ सोया सॉसमध्ये विरघळवा, मग आंबट, मग लसूण-मिरी, शेवटी तेल घालून काट्याने फेटा. भांडं काचेचं किंवा स्टीलचं. ॲल्युमिनियम किंवा कल्हई नसलेली पितळ-तांबं आंबटाला चालत नाही. त्याहून सोपं म्हणजे चेनची जाड प्लास्टिक पिशवी: मांस आणि मॅरिनेड घालून, हवा दाबून काढून बंद करा. एवढंसं द्रव सगळीकडे लागतं. मांस बुडायला हवं अशी समजूत असते, तिची गरज नाही. अर्ध्या वेळाने पिशवी उलटा.

काट्याने भोसकून मसाला आत जाईल असं वाटून काही जण मांसाची चाळण करतात. मसाला फारसा जात नाही; पृष्ठभागावरचे जंतू मात्र आत जातात. तसं केलंच असेल तर पुढे दिलेल्या तापमानाच्या बाबतीत अजिबात सूट घेऊ नका.

आणि पिशवी फ्रिजमध्येच ठेवा. बंगळुरूची हवा आल्हाददायक असते, संध्याकाळी पंख्याचीही गरज नसते, त्यामुळे ओट्यावर राहिलं तर काय बिघडतं असं वाटतं. माणसाला सुखद वाटणारी ही पंचवीस अंशांची हवा जंतूंनाही तितकीच सुखद असते. एकूण दोन तासांच्या वर कच्चं मांस बाहेर राहता कामा नये.

तव्यावर

भाजायच्या अर्धा तास आधी मांस बाहेर काढा, आणि मॅरिनेड पूर्ण पुसून टाका. हो, पुसून. लसणाचा कणही चिकटलेला ठेवू नका, कागदी रुमालाने खडखडीत कोरडं करा. एवढं केलेलं फुकट गेलं असं वाटेल, पण जे मुरायचं होतं ते मुरलं आहे. स्टेकचा खमंग तपकिरी थर पृष्ठभाग 140 अंशांच्या पुढे गेल्यावर धरतो, आणि पाणी असेपर्यंत तो शंभराच्या वर जातच नाही.

बिडाचा जाड डोशाचा तवा यासाठी उत्तम आहे. त्यासाठी महागडं परदेशी पॅन आणायची गरज नाही. तो धूर निघेपर्यंत तापवा. भाड्याच्या घरात असाल आणि मालक शाकाहारी असतील, तर खिडकी आणि एक्झॉस्ट फॅन आधी. या शहरात ही सूचना गंमत म्हणून देत नाही. चमचाभर तेल टाका, मांस ठेवा, दर मिनिटाला उलटा. एकदाच उलटायचं हा नियम ऐकायला भारदस्त आहे, पण वारंवार उलटल्याने मांस दोन्हीकडून सारखं शिजतं. अडीच सेंटिमीटरला एकूण आठ-नऊ मिनिटं लागतील. शेवटच्या दोन मिनिटांत आच कमी करून मोठा चमचाभर लोणी आणि एक ठेचलेली लसूण पाकळी टाका, तवा कलता करून ते लोणी चमच्याने मांसावर ओतत राहा. या मांसाला स्वतःची चरबी नाही, ती आपण अशी द्यायची.

तापमान: मध्यभागी 63 अंश, आणि मग तीन-चार मिनिटं विश्रांती. आतून गुलाबी आणि रसदार राहतं, तरी सुरक्षित. परदेशी पद्धतीने आतून लालबुंद ठेवण्याचा आग्रह आपल्या बाजारातल्या मांसाबाबत धरू नये. थर्मामीटर नसेल तर एक घेऊन टाका. बोटाने दाबून ओळखायची कला रोज पन्नास स्टेक करणाऱ्यालाच येते.

वाढताना धाग्यांना आडवं कापा. तवा गरम असतानाच त्यात अर्धी वाटी पाणी घालून तळाचं तपकिरी खरवडा, थोडी मिरी, थोडं लोणी: सॉस तयार. कोणी त्यात चमचाभर फिल्टर कॉफीचं डिकॉक्शन घालतात. चिकोरी कमी असेल तर छान लागतं. आंबट सॉस बिडाच्या तव्यात ठेवून देऊ नका, तव्याचा मुरलेला थर निघतो.

दुसरं मांस असेल तर

मटणाच्या रानाचे हाडासकट आडवे, दोन सेंटिमीटरचे तुकडे खाटकाकडून कापून घ्या. मीठ तसंच, पण आंबटाच्या जागी तीन मोठे चमचे पाणी काढलेलं दही आणि रात्रभर वेळ. भाजल्यावर तवा झाकून मंद आचेवर अजून काही मिनिटं द्या. कोवळ्या बोकडाचं मटण असेल तरच हे करा. पोर्क चॉपला वरचंच मॅरिनेड, कचंपुळी घालून, तीन तास. पोर्क 63 च्या खाली कधीही नाही, 70 पर्यंत नेलंत तरी चालेल. चिकन ब्रेस्टला तासभर पुरतं, आणि ते मात्र 74 अंशांना पूर्ण शिजलं पाहिजे. पनीरला हे मॅरिनेड लावून फार काही हाती लागत नाही. जाड कापलेल्या मश्रूमला लावा, ते सगळं शोषून घेतात.

मांस लागलेलं उरलेलं मॅरिनेड चव बघण्यासाठीही कच्चं वापरू नका. सॉसमध्ये घालायचं असेल तर दोन-तीन मिनिटं खळखळून उकळा, नाहीतर ओतून द्या. पुढच्या वेळेसाठी जास्तीचं करून ठेवायचं असेल तर मांस मॅरिनेडसकट पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका, फक्त त्यात आंबट घालू नका. ते बाहेर काढल्यावर घाला. कोरं मॅरिनेड बाटलीत भरून ठेवू नका. तेलाखाली हवा न लागणाऱ्या कच्च्या लसणात बोटुलिझमचे जंतू वाढू शकतात, म्हणून ते फ्रिजमध्येसुद्धा चार दिवसांच्या वर ठेवायचं नाही आणि बाहेर तर मुळीच नाही. दर वेळी ताजं करा, पाच मिनिटांचं काम आहे.